तुम्ही विचारलंत म्हणून: दोन एक्स-रे, दोन अँगल, मग खरा कुठला?

मी एक्स-रे टेक्निशियन आहे, आणि गुडघा बदललेल्या पेशंटच्या घरचे मला हे हमखास विचारतात की ताई, आधीच्या रिपोर्टमध्ये पाय सरळ लिहिलाय आणि ह्यात 5 डिग्री व्हॅरस, म्हणजे गुडघा बाहेर फाकलाय, मग ऑपरेशन बिघडलं का?

मी आधी दोन्ही फिल्म मागते. एक नुसत्या गुडघ्याची आणि दुसरी पूर्ण पायाची असेल तर तुलनाच करू नका. छोट्या फिल्मवर मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची रेष धरतात, त्यात चांगला पायसुद्धा 5 ते 7 डिग्री व्हॅल्गस, म्हणजे गुडघा आत झुकलेला दिसतो. स्कॅनोग्राममध्ये, म्हणजे पूर्ण पायाच्या फिल्ममध्ये, खुब्याच्या गोळ्याचं सेंटर, गुडघा आणि घोटा असं मोजतात, तिथे सरळ म्हणजे 180. त्यामुळे एकात "6 डिग्री व्हॅल्गस" आणि दुसऱ्यात "180" हा एकच पाय असू शकतो!

दोन्ही स्कॅनोग्राम असतील तर मग उभं कसं केलं होतं ते बघायचं, आणि खरी गोम इथेच आहे. ऑपरेशन नवीन असताना गुडघा पूर्ण सरळ होत नाही, पेशंट घाबरून सगळा भार दुसऱ्या पायावर टाकतो, पाऊल बाहेर फिरतं. मी पावलाकडे बघतच नाही, गुडघ्याची वाटी बरोबर समोर येईपर्यंत पाय फिरवते, पण गर्दीत हे राहून जातं. गुडघा सरळ असेल तर थोडा पाय फिरल्याने अँगल फार बदलत नाही, पण तो 15 डिग्री वाकलेला आणि पाय 20 डिग्री बाहेर फिरलेला असेल तर हाडं जागच्या जागी असूनही फिल्मवर साधारण 5 डिग्री व्हॅरस दिसतो, हा शुद्ध भूमितीचा हिशोब आहे. ओळखायचं कसं, तर दोन्ही फिल्म शेजारी धरा, एकीत नडगीच्या बाजूच्या बारीक हाडाचं डोकं जास्त लपलेलं असेल तर तिथे पाय बाहेर फिरलाय. शिवाय स्कॅनोग्राम बऱ्याचदा दोन-तीन फोटो जोडून बनतो, मध्येच पेशंट हलला तर जोडावर हाडाच्या कडेला पायरी दिसते, तसा अँगल मी तरी धरणार नाही.

आणि पाय सरळ रेषेपासून 3 डिग्रीच्या आत नाही म्हणून रात्रभर जागू नका हो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2010 मध्ये 398 गुडघ्यांचा 15 वर्षांचा हिशोब मांडला, त्यात 3 डिग्रीच्या आतले गुडघे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले असं काही दिसलं नाही. म्हणून पाय कितीही वाकडा असला तरी चालेल असं नाही, आणि दुखणं थांबतच नसेल तर सर्जनना दाखवाच, कारण इम्प्लांट आतल्या आत फिरून बसलंय का हे साध्या एक्स-रेवर नीट कळत नाही, त्याला सीटी लागतो. जाताना नुसता रिपोर्ट नको, सीडी न्या, म्हणजे ते स्वतः मोजतील.