शनिवारी ऑपरेशन

मंगळवार, रात्री साडेअकरा

कबड्डीत रेड टाकून वळताना पाय रोवला आणि गुडघ्यात कट्ट आवाज आला, त्याला आज अठरा दिवस झाले. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलंय. सूज उतरलीय पण जिना उतरताना गुडघा सटकतो आणि आई मागे श्वास धरून उभी असते.

आज डॉक्टरांकडे मी ठरवूनच गेले होते की त्याच्या जागी सिंथेटिकच टाकायला सांगायचं. ऑस्ट्रेलियात सिडनी स्वान्स या फुटबॉल संघाचा निक माल्चेस्की 2008 मध्ये लार्स नावाचं सिंथेटिक लिगामेंट बसवून साधारण तीन महिन्यांत परत मॅच खेळला, आणि माझी निवड चाचणी पाच महिन्यांवर, मग दुसरं काय सुचणार मला.

डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाळा, ही पॉलिएस्टरची दोरी, प्लास्टिकच्या बाटल्या होतात ना, तोच पदार्थ. पहिल्या दिवसापासून भक्कम असते, म्हणून लवकर पळता येतं. पण तिच्यात जीव नाही. गुडघा रोज हजारो वेळा वाकणार, एकेक धागा झिजणार, आणि तुटलेला धागा आपोआप जुळत नाही. वर त्याचे बारीक कण सांध्यात पडले की आतलं अस्तर सुजतं. अशाच एका जुन्या, गोअर-टेक्सच्या लिगामेंटला अमेरिकेत 1986 मध्ये परवानगी मिळाली होती, 1993 मध्ये ते बाजारातून गेलं. लार्स त्याच्यापेक्षा सुधारलेलं आहे, पण तुझं वय बावीस, तुला अजून किती वर्षं खेळायचंय?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते माझ्याच मांडीमागच्या शिरा (रक्ताच्या नाही, स्नायू हाडाला जोडणाऱ्या) काढणार, दुमडून जाड करणार आणि हाडात बोगदा पाडून ओवणार, वर बटण आणि खाली स्क्रू. सगळ्यात अवघड वाटलं ते पुढचं. आत बसवलेली शीर आधी कमजोर होते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि ती हळूहळू लिगामेंटसारखी होत जाते. म्हणजे दोन-तीन महिन्यांनी दुखणं थांबेल, पळावंसं वाटेल, आणि नेमकी तेव्हाच ती कच्ची असेल. खेळायला निदान नऊ महिने. मला तिथेच रडू आलं, आईने नुसता हात धरला.

बाहेर बाकावर एक दादा होते, बाईकचा अपघात, तीन लिगामेंट एकदम गेलेली. एवढ्या सगळ्यांना पुरतील इतक्या स्वतःच्या शिरा कुठून आणणार, त्यांच्यासाठी सिंथेटिकचा विचार चाललाय. त्यांचं सगळं नीट होऊ दे, मनापासून वाटलं.

संध्याकाळी सरांना फोन करून सांगितलं, चाचणीला नाही येत. सर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, पुढच्या वर्षी तुझी जागा तूच घ्यायची.

आत्ता गुडघा थोडा वाकवून मांडीमागे आतल्या बाजूला हात लावून बघितला, ती शीर लागते बोटांना, ताठ, गरम. शनिवारी हीच काढणार.