काइल हॅमिल्टनचे मूल्यमापन : ड्राफ्टआधीचा माझा अनुभव

नोकरीनिमित्त मी इंडियानातील साउथ बेंड येथे राहत असल्यामुळे नोटर डेम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ माझ्या शनिवारांचा भाग झाला, हे ओघानेच आले. कचेरीतील काही हौशी मंडळी दरवर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टपूर्वी, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्याआधी, आपापसात खेळाडू वाटून घेतात आणि प्रत्येकाचा लेखी अहवाल तयार करतात. २०२२च्या ड्राफ्टसाठी काइल हॅमिल्टन हा सेफ्टी माझ्या वाट्याला आला. गटातील एक ज्येष्ठ सहकारी पूर्वी शालेय संघाचा बचाव प्रशिक्षक होता. अहवालाचा नमुना त्याचाच असे आणि मोघम विशेषणे तो लाल शाईने खोडत असे.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की सेफ्टी हा बचावफळीतील सर्वांत मागचा खेळाडू असतो. समोरच्या संघाने लांब पास टाकला तर तो अडवायचा, आणि धावणारा खेळाडू पुढच्या सगळ्यांना चुकवून निसटला तर त्याला पाडायचे, ही त्याची दोन मुख्य कामे. म्हणजे त्याचे काम नीट झाले तर बऱ्याचदा आकड्यांत काहीच उमटत नाही, कारण पास टाकणारा क्वार्टरबॅक त्याला जागेवर पाहून दुसरीकडेच चेंडू टाकतो. हॅमिल्टनची इंटरसेप्शन्स, म्हणजे समोरच्या संघाचे मध्येच पकडलेले पास, २०१९ मध्ये चार, २०२० मध्ये एक आणि २०२१ मध्ये तीन होती. एवढ्यावरून मधल्या वर्षी त्याचा खेळ उतरला असे म्हणणे सोपे आहे, पण त्या वर्षीचे सामने पाहिल्यावर मला ते पटले नाही.

खरी अडचण सामने पाहण्यातच होती. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूच्या आसपास असतो आणि स्नॅप होताच, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होताच, मागचा सेफ्टी चौकटीबाहेर जातो. पास हवेत गेल्यावर कॅमेरा वळतो, तेव्हा तो अचानक कुठून तरी प्रकट होतो. मधल्या दोन-तीन सेकंदांत त्याने काय वाचले, कंबर कुठे वळवली, पहिले पाऊल मागे टाकले की बाजूला, हे सारे मूल्यमापनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, आणि नेमके तेच दिसत नाही. व्यावसायिक संघांकडे संपूर्ण मैदान एका चौकटीत दाखवणारे चित्रीकरण असते, पण आमच्यासारख्या हौशी माणसाला कॉलेज सामन्यांचे तसले चित्रीकरण कोण देणार? म्हणून घरी चित्रफीत स्नॅपच्या क्षणी थांबवून त्याची जागा टिपायची, पास सुटल्यावर पुन्हा थांबवून नवी जागा टिपायची आणि मधला मार्ग त्यावरून काढायचा, असे मी ठरवले. ज्या डावात तो सुरुवातीलाच चौकटीबाहेर असे, तो डाव मी बाजूला ठेवत असे.

उरलेली कसर स्टेडियमने भरून काढली. नोटर डेमच्या मैदानावर एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुणपट्ट्याच्या, मागे अगदी वरच्या रांगेत बसले की दोन्ही सेफ्टी आणि त्यांच्यामधले अंतर स्पष्ट दिसते. सप्टेंबर २०२१ मधील पर्ड्यूविरुद्धचा सामना मी तिथूनच दुर्बीण लावून पाहिला. चेंडूकडे अजिबात पाहायचे नाही, हा नियम ऐकायला सोपा आहे, पण भोवतालचे सत्तर-पंचाहत्तर हजार लोक एकदम उभे राहिले की मान आपोआप वळते. ती आवरून पाहिल्यावर लक्षात आले, की हॅमिल्टन स्नॅपपूर्वी आपली जागा सतत बदलत असे, कधी खोल, कधी बचावाच्या मधल्या फळीतील लाइनबॅकरच्या रांगेत, तर कधी पास झेलणाऱ्या आतल्या रिसीव्हरसमोर, आणि खरे काम कोणते हे शेवटच्या क्षणापर्यंत उघड करत नसे. त्या सामन्यात त्याने एक इंटरसेप्शनही घेतले, पण माझ्या वहीत त्यापेक्षा जास्त जागा या लपवाछपवीने घेतली.

अहवालाचा गाभा मात्र फ्लोरिडा स्टेटविरुद्धच्या सामन्यातील एका डावावर उभा राहिला. ५ सप्टेंबर २०२१ रोजी टालाहासीत झालेला हा सामना नोटर डेमने जादा वेळेत ४१-३८ असा जिंकला आणि त्यात हॅमिल्टनची दोन इंटरसेप्शन्स होती. त्यांपैकी एकात पास लांबच्या बाजूला, रेषेलगत गेला आणि तो विरुद्ध हॅश मार्कच्या (मैदानावर लांबीने आखलेल्या खुणांच्या दोन ओळींपैकी एक; प्रत्येक डाव त्यांवर किंवा त्यांच्यामध्ये सुरू होतो) बाजूने धावत येऊन तिथे पोहोचला. इथे मैदानाचे माप समजून घेणे आवश्यक आहे. मैदानाची रुंदी १६० फूट असते. कॉलेजमध्ये दोन हॅश मार्क्समध्ये ४० फूट अंतर असते, तर एनएफएलमध्ये ते केवळ साडेअठरा फूट आहे. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू एका हॅशवर असला, तर त्याच्या रुंद बाजूला १०० फुटांचे मैदान पसरलेले असते आणि ते सांभाळणे मागे एकट्या उभ्या असलेल्या सेफ्टीला जवळजवळ अशक्य होते. ज्या पासला क्वार्टरबॅक निर्धास्त होता, तो याने तिथे जाऊन पकडला. चित्रफीत पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिली तेव्हा जाणवले, की चेंडू हातातून सुटायच्या आधीच त्याची दिशा ठरली होती. सीमारेषेवरचा चांगला क्षेत्ररक्षक जसा बॅटचा कोन पाहूनच निघतो, तसा तो निघाला होता.

मार्च २०२२ मध्ये इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टपूर्वीच्या सामूहिक चाचणीत, त्याने ४० यार्ड ४.५९ सेकंदांत धावून दाखवले आणि पुढे विद्यापीठात झालेल्या चाचणीत त्याची वेळ ४.७ च्या आसपास नोंदली गेली. आमच्या गटात त्यावरून बराच गदारोळ झाला, कारण त्याच वर्षीचे सेफ्टी लुईस सीन ४.३७ आणि डॅक्सटन हिल ४.३८ सेकंदांत धावले होते. मी शांतपणे हिशेब मांडला. सीन आणि हॅमिल्टन यांच्यातील फरक ०.२२ सेकंदांचा, म्हणजे त्या वेगाला साधारण दोन यार्डांचा. जो अर्धा सेकंद आधी योग्य दिशेने निघतो, त्याला हे दोन यार्ड सहज भरून काढता येतात. घड्याळ सरळ रेषेतली धाव मोजते आणि तीही धावपटूच्या मर्जीने सुरू झालेली. शिवाय हॅमिल्टन सहा फूट चार इंच उंच आणि २२० पौंड वजनाचा. त्या देहाने ३८ इंचांची उभी उडी मारणे ही काही साधी गोष्ट नव्हे. तरीही वेळ मी अहवालातून वगळली नाही. खोल मध्यभागी एकट्याने उभे राहण्याच्या भूमिकेत त्याला एक दर्जा कमी दिला.

दोष लिहिताना हात आखडता घेतला नाही. उंच असल्यामुळे उघड्यावर धावणाऱ्या चपळ खेळाडूला पाडताना तो कधीकधी वरच्या वर भिडत असे. चणीने छोट्या, झटकन दिशा बदलणाऱ्या स्लॉट (आतल्या बाजूच्या) रिसीव्हरला तो सलग अंगावर घेऊ शकेल का, हा प्रश्न मी उघडाच ठेवला. ऑक्टोबरमध्ये यूएससी विद्यापीठाविरुद्ध गुडघा दुखावल्यावर तो त्या हंगामात पुन्हा खेळला नव्हता. त्याचा वैद्यकीय तपशील माझ्या आवाक्याबाहेर होता, म्हणून त्या रकान्यात मी तर्क लढवला नाही.

शेवटचा वाद खेळाडूबद्दल नव्हताच, तो जागेच्या किमतीबद्दल होता. सहकाऱ्याचे म्हणणे असे, की पहिल्या दहांत सेफ्टी घेणे म्हणजे चैन आहे. २०१० मध्ये एरिक बेरी पाचवा आणि २०१७ मध्ये जमाल ॲडम्स सहावा गेला खरा, पण अशी उदाहरणे मोजकीच. माझे उत्तर असे, की तीन वेगवेगळ्या जागी खेळू शकणाऱ्या माणसाची किंमत एकाच जागेच्या भावाने करू नये. मी त्याला पहिल्या दहांत ठेवले आणि अहवाल तसाच दिला.

ड्राफ्टच्या रात्री तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांवर कॉर्नरबॅक, म्हणजे कडेच्या रिसीव्हरांना अडवणारे खेळाडू, गेले आणि हॅमिल्टन चौदाव्या क्रमांकापर्यंत थांबला. मग बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला घेतले, तेही मार्कस विल्यम्स या सेफ्टीशी नुकताच मोठा करार केलेला असताना. हिल एकतिसावा आणि सीन बत्तिसावा गेला. पहिल्याच हंगामात रेव्हन्सने हॅमिल्टनला मोठ्या प्रमाणावर स्लॉटमध्ये, म्हणजे मी प्रश्नचिन्ह ठेवलेल्या जागीच, उभे केले. सप्टेंबर २०२३ मध्ये कोल्ट्सविरुद्ध त्याने एकाच सामन्यात क्वार्टरबॅकला तीनदा सॅक केले, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडले, आणि त्या हंगामाअखेर तो ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवडला गेला. आमच्या नमुन्यात सेफ्टीसाठी सॅकचा रकानाच नव्हता. पुढच्या वर्षीच्या प्रती काढण्यापूर्वी सहकाऱ्याने पट्टी घेऊन तो हाताने आखला.