रंगीत जिलेटीनमागे कोणता दिवा लावावा?

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या एका प्रयोगात चांदण्या रात्रीसाठी मी हॅलोजनवर गडद निळा जिलेटीन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक पडदा) लावला आणि डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारे बटण) खाली आणला, तेव्हा रंगमंचावर चांदणे न उतरता मळकट अंधार पसरला. जिलेटीन प्रकाशात रंग मिसळत नाही, तो नको असलेले रंग अडवतो. त्यामुळे जो रंग दिव्यात मुळातच कमी आहे, तो पलीकडेही कमीच पोहोचतो. साध्या तारेच्या बल्बचे रंगतापमान (आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर; जितका जास्त, तितका निळसर) सुमारे २७०० केल्विन आणि रंगमंचीय हॅलोजनचे ३२०० केल्विन असते, म्हणजे दोन्हींत लाल-पिवळा भरपूर व निळा तुटपुंजा, आणि डिमर उतरवला की तोही आटतो.

म्हणून निळ्या-हिरव्या छटांसाठी मी आता ५६०० केल्विनच्या आसपासचा पांढरा एलईडी निवडतो. लाल आणि अंबरसाठी (पिवळसर नारिंगी) मात्र माझी पसंती अजूनही हॅलोजनलाच आहे, कारण स्वस्त एलईडीत गडद लाल अगदी क्षीण असतो आणि त्यात कलाकाराचा चेहरा निस्तेज दिसतो. हॅलोजनची उष्णता तेवढी सांभाळावी लागते: गडद जिलेटीन आधी मधोमध फिकट पडतो, मग सुरकुततो आणि शेवटी त्याला भोक पडते.