तोंडपाठ शंभर, हातात पाच

मंगळवार, दुपार

माझ्या बालवाडीच्या मोठ्या गटातल्या एका चिरंजीवांना पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत हे पक्कं ठाऊक आहे. आजोबांबरोबर जातो, त्यामुळे शंभरापर्यंतचे आकडे न अडखळता म्हणतो. आज त्याला म्हटलं, "मला पाच चिंचोके दे पाहू." त्याने मूठभर उचलले आणि माझ्या हातावर ओतले. मोजायला सांगितलं, तर बोट आपलं निवांत चाललंय आणि तोंड पुढे धावतंय. नऊ चिंचोक्यांचे बारा झाले. "मग किती आहेत रे?" यावर उत्तर नाही, पुन्हा पहिल्यापासून "एक, दोन, तीन..."

या वयात हे असंच चालतं. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, एकही वस्तू सोडायची नाही, इतकं जमलं तरी शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे डोक्यात बसायला आणखी वेळ लागतो. घरी पाहुण्यांसमोर कौतुक होतं ते आकडे म्हणण्याचं, त्यामुळे हे बाकीचं राहिलंय याचा पत्ताच नसतो कुणाला. मी दोन वाट्या ठेवते. मोजलेला चिंचोका उचलून पलीकडच्या वाटीत टाकायचा. हात पोचेपर्यंत तोंडाला थांबावंच लागतं. मग वाटीवर रुमाल टाकायचा आणि विचारायचं, आत किती? दिसत नाहीत म्हटल्यावर पुन्हा मोजायची पळवाट बंद. आज स्वारी रुमालाकडे बघत बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सहा. पण एक सतरंजीखाली गेलाय, तो धरला तर सात." सतरंजी उचलून पाहिली, होता तिथे.

चिंचोके ही काही माझी अक्कल नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा आसपास मिळेल त्यातूनच साधनं उभी केली. आता तेच रंगीत प्लॅस्टिकमध्ये खोक्यात भरून येतं, आणि ते पाहून पालकांना बरं वाटतं.

विसाच्या पुढे वेगळीच गंमत. पंचवीस लिही म्हटलं की ५२. कानावर आधी पाच येतात, मग वीस, हातही त्याच क्रमाने चालतो. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचा असतो दोन! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधानसभेत आडनावांवरून कोट्यासुद्धा झाल्या. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर तेव्हा मुलांची अडचण समजावून सांगत होत्या, पण कोट्यांपुढे कोण ऐकतंय? पंचवीस, एकोणतीस हे शब्द सुटू नयेत असं मलाही वाटतं, घरीदारी तेच बोलतात. पण लिहायला शिकताना मी आधी 'वीस आणि पाच' म्हणून घेते. दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या, सुट्या पाच. मग आकडा बरोबर जागेवर पडतो. (रबर बँड मात्र पुरत नाहीत. मुली मनगटात घालून घरी नेतात.)

शाळा सुटताना गेटवर एक आई थांबल्या होत्या. "टीचर, हिला ए टू झेड सगळं येतं, मग बॅट का वाचता येत नाही?" आता बी-ए-टी कितीही भरभर म्हटलं तरी त्यातून बॅट कशी निघणार? आपल्याकडे घ आणि र शेजारी ठेवले की घर होतं, अक्षराचं नाव आणि आवाज जवळजवळ एकच. त्यामुळे मुलीची अडचण नेमकी कुठे आहे हे आईच्या लक्षात येत नाही. त्यात फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याच्या, नावाखाली बऱ्याच ठिकाणी 'ब, ॲ, ट' असं अ चिकटवून शिकवतात. मूल ते तीन तुकडे हातात घेऊन बसतं.

मी ताट, पाट, खाट, वाट म्हणून घेते. शेवटी काय ऐकू आलं? तो तुटका ट् मुलांच्या तोंडात आधीपासून असतोच, कारण बोलताना शेवटचा अ आपण खाऊनच टाकतो. तोच ट् मग सॅट, मॅट, हॅटला लावायचा. सॅट आणि मॅट आधी घेते, कारण स्स्स आणि म्म्म लांबवत पुढच्या आवाजावर घसरता येतं. ब् लांबवता येत नाही, म्हणून बॅट नंतर. एबीसीडीच्या ओळीत न जाता एस, ए, टी, पी, आय, एन अशी सुरुवात करतात ती लवकर शब्द जमावेत या हिशेबाने. सहा आवाजांत सॅट, पिन, टॅप, नॅप असे कितीतरी शब्द होतात. ग म भ न गिरवलेल्या आजीला हे सांगितलं की लगेच पटतं. आईला पटायला वेळ लागतो.

डब्याच्या वेळी प् चा खेळ झाला. पोळी, पोहे, पराठा, पास्ता. भेंडीवाली रुसून बसली, तिला भ् ची वेगळी फेरी द्यावी लागली. डबाच विसरलेल्या एकाने बाटली उंचावली, "माझ्याकडे पाणी आहे!"

शुक्रवारी पालकसभा. दिवाळीपर्यंत शंभरपर्यंत लिहून होईल ना, हा प्रश्न येणारच. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, तोही खेळातून शिकण्याचा, हे मी दरवेळी सांगते, आणि दरवेळी सगळे माना डोलावून वह्यांचं विचारतात. यंदा एवढंच सांगणार आहे की आठवडाभर वही नको, रात्री पानं मांडायला लावा. माणसं किती, ताटं किती, आजी गावाला गेली तर किती. मागे एका बाबांनी विचारलं होतं, "आम्ही टीव्हीसमोर जेवतो, चालेल का?" चालेल म्हटलं, फक्त ताटं त्यानेच आणायची.