दीड तास नाकावर

नवीन गेम सुरू करायला दुपारी अडीचला बसलो. चार वाजले तरी आपल्या पात्राचा चेहरा घडवताना नाकावरच अडकलेलो. गालाची हाडं जरा वर केली की डोळे बारीक होतात, डोळे सरळ करावेत तर जबडा पुढे येतो. चेहरा कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या, म्हणजे स्लायडर, ढीगभर, पण सगळे एकमेकांच्या पायात पाय घालणारे. केसांच्या तर नावाने बोंब. तेल लावून चापून पाडलेला भांग कुणालाच सुचत नाही का?

शेवटी कसाबसा एक गडी जमला. बनवताना त्या मंद सोनेरी उजेडात राजबिंडा दिसत होता हो! पहिल्याच कटसीनला, म्हणजे गेममधल्या सिनेमासारख्या प्रसंगात, भर उन्हात आला आणि थेट आमच्या मधल्या मामांसारखा दिसायला लागला. आता पुढचे कित्येक तास मामांनी राक्षस मारायचे.

'बाल्डर्स गेट ३' हा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला तेव्हा तिथेही चेहरा एकदा ठरला की ठरला. मग सप्टेंबरच्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या अपडेटमध्ये, छावणीत चेहरा बदलून देणारा जादूचा आरसा आला. माझ्या या नवीन गेममध्ये असला आरसा अजून तरी सापडलेला नाही. तोवर पहिल्याच गावात सगळं सोनं घालवून हेल्मेट घेतलंय. पूर्ण तोंड झाकणारं.