कॅसेट, गवती चहा आणि खरखर

आज दिवसभर पाऊस, म्हणून माळ्यावरची दादाची नव्वद मिनिटांची कॅसेट काढली. एका बाजूला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 1975 चा अल्बम 'विश यू वेअर हिअर', दुसऱ्या बाजूला 1973 चा 'डार्क साइड ऑफ द मून'. दोन्ही पंचेचाळीस मिनिटांच्या आत बसतात, दादाने बरोबर हिशोब केला होता!

टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडला आणि ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि साफ करायचं सॉफ्टवेअर उघडलं. फुकट आहे, दिसायला रुक्ष, पण काम चोख. दोन गाण्यांमधली नुसती खरखर निवडून त्याला ओळखायला लावायची, मग तेवढीच सगळीकडून कमी करता येते. जास्त हावरटपणा केला की गिटार पाण्याखाली वाजल्यासारखी येते (मी केला).

'विश यू वेअर हिअर'च्या शीर्षकगीताच्या सुरुवातीची खरखर काही केल्या जाईना. अर्ध्या तासाने आठवलं, अरे, ती मूळचीच! बँडचा गिटारिस्ट गिलमोर, त्याच्या गाडीतल्या रेडिओवरून रेकॉर्ड केलेली. मुकाट्याने अनडू.

तोवर गवती चहाचे दोन कप झाले होते. पाती हाताने चुरगळून, आल्यासकट उकळून, पावडर सगळ्यात शेवटी. दार्जिलिंग असेल तर मात्र दूध नको, उकळणंही नको, तीन मिनिटं झाकून ठेवायचा.

फाईल दादाला पाठवली. त्याचा रिप्लाय: "माझी कॅसेट तुझ्याकडे कशी?"