शाळेच्या दप्तरातली मुलांची माहिती आणि पालकांची सही

शाळेने आपल्या मुलाविषयी काय काय नोंदवून ठेवले आहे, याचा विचार पालक सहसा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडेपर्यंत करत नाहीत. जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचे नाव, धर्म आणि जात असते; त्यात आता आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठीचे बँक खाते, रक्तगट, दिव्यांगत्वाची नोंद, हजेरी आणि वर्षानुवर्षांचे गुण यांची भर पडली असून त्यातला बराच भाग ‘यूडायस प्लस’सारख्या सरकारी पोर्टलवरही भरला जातो. शाळा चालवायची तर ही माहिती लागते, याबद्दल माझे दुमत नाही. ती शाळेबाहेर कोणाच्या हाती जाते आणि त्याला पालकांनी होकार केव्हा दिला, हा माझा प्रश्न आहे.

माझ्या मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या वर्षी सहामाहीच्या निकालाचा तक्ता जसाच्या तसा आला. हजेरी क्रमांक, नाव, विषयवार गुण आणि शेवटच्या रकान्यात प्रवर्ग. तीन विषयांत नापास झालेल्या मुलाचे नाव आणि त्याची जात चाळीस घरांतल्या फोनवर एकाच वेळी पोहोचली, आणि शाळेचे म्हणणे असे की प्रवेशाच्या वेळी संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या घेतलेल्या आहेत. त्या संमतीपत्रात सहलीची परवानगी, स्नेहसंमेलनातले फोटो आणि ‘आवश्यक तेथे माहिती देण्यास हरकत नाही’ हे वाक्य एकाच सहीखाली होते. अशा सहीला मी संमती मानत नाही, कारण पालकाला एका गोष्टीला हो आणि दुसऱ्या गोष्टीला नाही म्हणण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७ साली एकमताने सांगितले. २०१८ च्या आधार निकालाने शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, हे ठरवले. ‘अपार’ या बारा अंकी विद्यार्थी क्रमांकासाठीही पालकांचे संमतीपत्र घेतले जाते आणि दिलेली संमती मागे घेता येते, पण ही दुसरी गोष्ट पालकसभेत आवर्जून सांगणारे शिक्षक मला भेटलेले नाहीत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीच्या तरतुदी लागू होण्यास त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. नियमांत शाळांना सवलत आहे खरी, परंतु ती शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्यांच्यावर लक्ष ठेवण्यापुरती आहे. दहावीच्या मुलांची नावे आणि पालकांचे मोबाइल क्रमांक खाजगी क्लासला देणे त्यात कोणत्याही अर्थाने बसत नाही.

म्हणून पालक-शिक्षक संघाकडे मी लेखी मागणी केली आहे की प्रत्येक कारणासाठी वेगळी सही घ्यावी, माहिती कोणाला आणि किती काळासाठी दिली जाणार ते त्यावर लिहावे, आणि नकार देणाऱ्या पालकाच्या मुलाची कोणतीही अडवणूक होणार नाही, असे शाळेने छापून द्यावे. निकालाचा तक्ता गटावर टाकणे वर्गशिक्षिकांनी लगेच थांबवले, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. उरलेल्या मुद्द्यांवर शाळेचे उत्तर अद्याप आलेले नाही.